बग्गीची फ्रेम पावडर कोटिंगला देण्याआधी काय काय करून घ्यावं?

नवा_रोलकेज (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या बाजा गाडीची (विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी बनवतात त्या ऑफ-रोड बग्गीची) फ्रेम वेल्डिंग होऊन उभी आहे. आता पावडर कोटिंग, म्हणजे विजेच्या भारानं चिकटवलेली कोरडी रंगाची भुकटी ओव्हनमध्ये वितळवून बसवणं, बाकी आहे. मुख्य नळ्या ४१३० क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद), २९.२ मि.मी. व्यास आणि १.६५ मि.मी. जाडी. दुय्यम नळ्या २५.४ मि.मी. व्यासाच्या, जाडी १.२ मि.मी. एकूण नळी अंदाजे ३८ मीटर. केजचे सगळे सांधे टिगने (टंगस्टनच्या टोकाच्या वेल्डिंगने) केलेत, फिलरची तार ईआर७०एस-२. सस्पेन्शनचे टॅब, सीटचे ब्रॅकेट आणि इंजिन माउंटच्या ६ मि.मी. प्लेटा मात्र मिगने (सतत सरकणाऱ्या तारेच्या वेल्डिंगने) लावल्यात.

इंदूरच्या सांवेर रोडवर दोन जॉबवाल्यांशी बोलणं झालं. एक म्हणतो, "फ्रेम आणून टाका, सात टाक्यांत बुडवून काढतो, गंज-तेल सगळं साफ." दुसरा म्हणतो ब्लास्टिंगशिवाय (हवेच्या दाबानं टोकदार कण मारून साफ केल्याशिवाय) हात लावणार नाही. शिवाय एकानं सुचवलं की टाकीत घालायचं तर प्रत्येक नळीला भोक पाडावं लागेल. रोल केजला, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याला, भोकं पाडायची म्हटल्यावर टीममध्ये सगळेच गप्प झाले.

तर टाकी की ब्लास्टिंग? भोकं लागतातच का? झाळीवर पुट्टी भरून गुळगुळीत केलं तर चालतं का? आणि पावडर लागू नये म्हणून झाकायचं काय काय? रंग काळा ठरलाय. वजन किती वाढेल तेही कळलं तर बरं.

भट्टी_आणि_बूथ

आधी टाकी की ब्लास्टिंग याचा निकाल लावू, कारण भोकांचा प्रश्न त्यातच सुटतो.

सात टाक्यांची पद्धत पत्र्याच्या कपाटांसाठी, पॅनेलसाठी, उघड्या तोंडाच्या जॉबसाठी उत्तम आहे. डिग्रीझिंग (तेल काढणं), पाणी, आम्लानं गंज काढणं, पुन्हा पाणी, अ‍ॅक्टिव्हेशन, झिंक फॉस्फेट, पॅसिव्हेशन असा तो साधारण क्रम. तुमची फ्रेम म्हणजे दोन्ही टोकं बंद असलेल्या तीस-चाळीस नळ्या. त्या टाकीत घातल्या की दोनच गोष्टी होऊ शकतात. भोकं पाडली नाहीत तर झाळीतल्या बारीक पिनहोलमधून आम्ल आत ओढलं जातं आणि धुताना बाहेर येत नाही. भोकं पाडली तर नळी भरते, पण तिरप्या आणि वाकवलेल्या नळीतून ती पूर्ण रिकामी होत नाही. खालच्या बेंडमध्ये कपभर आम्ल राहतंच. पुढे ओव्हनमध्ये ते उकळून सांध्यातून बाहेर येतं. कोटिंगवर तपकिरी ओघळ दिसतात, किंवा आज काहीच दिसत नाही आणि दोन-तीन महिन्यांनी झाळीच्या कडेनं फुगवटा येतो. नळीच्या आत तर गंज चालूच राहतो, तो कुणाला दिसतही नाही.

४१३० बाबत आणखी एक कारण आहे. आम्लात लोखंडावर हायड्रोजन सुटतो आणि थोडा धातूत शिरतो. नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेल्या) नळीला त्याचा धोका कमी. पण टिगच्या झाळीशेजारचा जो पट्टा तापून भराभर थंड झालेला असतो तो मूळ नळीपेक्षा बराच कडक असतो, आणि हायड्रोजननं ठिसूळ होण्याची भीती कडक पोलादालाच असते. गाडी उलटली की पहिला ताण तिथेच बसतो. माणसाचा जीव वाचवणाऱ्या केजला आम्लात घालू नये, हे माझं स्पष्ट मत.

ब्लास्टिंगमध्ये द्रवच नाही. त्यामुळे आत काही अडकत नाही आणि भोकांचीही गरज पडत नाही.

"बंद नळी ओव्हनमध्ये फुटेल" अशी एक भीती घालतात, तिचा हिशोब करून टाका. आत कोरडी हवा असेल तर ३० अंशांवरून २०० अंशांवर जाताना दाब ४७३ भागिले ३०३, म्हणजे सुमारे १.५६ पट होतो. बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम अर्धा बार जास्त. १.२ मि.मी. नळीला हा दाब काहीच नाही. पण नळीत पाणी अडकलेलं असेल तर गोष्ट वेगळी: २०० अंशांना वाफेचा दाब १५ बारच्या वर जातो. म्हणून फ्रेम उघड्यावर ठेवून पावसात भिजली असेल, किंवा कुणी पाण्याच्या प्रेशरनं धुतली असेल, तर आधी ती ११०–१२० अंशांवर हळूहळू वाळवा आणि कुठून वाफ येते ते बघा.

कोरड्या बंद नळीचा खरा त्रास इतकाच की गरम हवा पिनहोलमधून बाहेर येताना वितळलेल्या पावडरीत बुडबुडा करते आणि तिथे खड्डा राहतो. त्यावर उपाय पिनहोल बंद करणं. नळीला भोक पाडून तो प्रश्न सुटत नाही.

टिग_कप_नं_७

वरच्या सगळ्याला अनुमोदन. झाळीबद्दल मी लिहितो.

एक: पावडर चढायच्या आत झाळ तपासून घ्या. ७५ मायक्रॉनचा थर बारीक तडा सहज लपवतो. डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात: क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. सांधा क्लीनरनं पुसायचा, लाल फवारून १० ते १५ मिनिटं ठेवायचं, क्लीनर कापडावर घेऊन पुसायचं (सांध्यावर थेट फवारायचं नाही, नाहीतर तड्यातलं लालही धुऊन जातं), मग डेव्हलपरचा पातळ थर. लाल रेघ दिसली तर तडा, लाल ठिपका दिसला तर पिनहोल. रोल हूपचे पाय, सस्पेन्शनचे टॅब आणि स्टिअरिंग रॅकचा माउंट एवढे तरी तपासाच. पण नंतर ते लाल तेल पूर्ण काढलं नाही तर पावडर त्याच जागी फाटते, म्हणून ही तपासणी डिग्रीझिंगच्या आधी करा, नंतर नको.

दोन: मिगच्या टॅबांवर झाळ नीट बघा. वर तपकिरी, काचेसारखे चकचकीत ठिपके आणि पट्टे दिसतील. तारेतलं सिलिकॉन आणि मँगनीज ऑक्सिडाइझ होऊन वर येतं, ते हे. पावडर त्यावर बसल्यासारखी दिसते, पण खालचा काचेचा कण निघाला की सोबत तीही जाते. वायर ब्रशनं पुष्कळदा ते फक्त चमकतात, निघत नाहीत. छिन्नीचं टोक किंवा नीडल स्केलर मारा, राहिलेलं ब्लास्टिंग काढेल. टिगच्या झाळीवर हे जवळपास नसतं.

तीन: स्पॅटरचे दाणे छिन्नीनं उडवा, मग ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कनं हलका हात. झाळ घासून सपाट करू नका. दिसायला सुंदर होईल, पण तिची जाडी गेली म्हणजे ताकद गेली. नळीवर ग्राइंडर आडवा चालवला तर १.२ मधले दोन दशांश बोलता बोलता निघून जातात.

आणि मिग करताना अँटी-स्पॅटर स्प्रे मारला असेल तर डब्यावर सिलिकॉन आहे का वाचा. सिलिकॉनचा अंश राहिला तर पावडर वितळताना तिथून मागे सरते आणि गोल उघडा डोळा पडतो. फ्रेमजवळ कुणी चेनवर सिलिकॉनचा लुब्रिकंट फवारला तरी हेच होतं.

लोखंडी_गल्ली

पुट्टीबद्दल: गॅरेजमध्ये कारच्या बॉडीला भरतात ती पॉलिस्टर पुट्टी २०० अंशांना टिकत नाही. फुगते, भेगाळते, वास सोडते. शिवाय ती वीजवाहक नाही, म्हणून पावडर तिच्यावर नीट ओढलीही जात नाही. धातूची भुकटी घातलेली, उष्णता सोसणारी इपॉक्सी मिळते, पण केजवर ती भरायचं कारण काय? तपासणीला आलेल्या माणसाला झाळीवर भराव दिसला तर त्याला पहिली शंका येईल ती झाळीचीच.

दिसण्याची काळजी असेल तर चकचकीत काळ्याऐवजी टेक्श्चर किंवा मॅट काळा घ्या, राल ९००५ (काळ्या रंगाचा ठरलेला क्रमांक) मध्ये दोन्ही मिळतात. चकचकीत काळा ग्राइंडरची प्रत्येक रेघ दाखवतो. बारीक टेक्श्चर ती झाकतो. तोटा असा की त्यात चिखल अडकतो आणि धुवायला ब्रश लागतो.

पावडर घेताना "प्युअर पॉलिस्टर, बाहेर वापरायची" असं विचारूनच घ्या. जॉबवाल्याकडे शिल्लक पडलेली काळी पावडर बहुधा इपॉक्सी-पॉलिस्टर हायब्रिड असते, कारण ती आतल्या फर्निचरला चालते आणि स्वस्त पडते. उन्हात ती लवकर फिकी पडते आणि बोट फिरवलं की भुकटी येते. नुसती इपॉक्सी तर त्याहून लवकर. उघड्या पाकिटातली, आर्द्रता लागलेली पावडर घेऊ नका. हातात मुठीनं दाबली आणि गोळा झाला तर ती बाद.

भट्टी_आणि_बूथ

आता क्रम. फ्रेम हाताशी आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पूर्ण कोरडी जोडणी. इंजिन, गिअरबॉक्स, ए-आर्म, रॅक, पेडल, सीट, बेल्टचे माउंट, फायरवॉल, स्किड प्लेट, फायर एक्स्टिंग्विशरचा ब्रॅकेट, किल स्विच, ब्रेक लाइनच्या क्लिपा, वायरिंगचे टॅब. प्रत्येक बोल्ट खरोखर घालून बघा. कोटिंगनंतर एक टॅब विसरला म्हणून वेल्ड करायचा तर दोन्ही बाजूंनी ५० मि.मी. पावडर काढावी लागते आणि त्या पट्ट्याला परत तसा रंग कधीच लागत नाही. निम्म्या टीम इथेच घाई करतात.

मग सगळं काढा. रबर, नायलॉन, पॉलियुरेथेन बुश, रॉड एंड, बेअरिंग यांपैकी काहीही फ्रेमवर राहता कामा नये. २०० अंशांना त्यांचं काही खरं नाही. ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचे नकल (चाकाचा हब धरणारे भाग) किंवा ब्रॅकेट "याच खेपेत काळे करून घेऊ" म्हणून ओव्हनमध्ये घालू नका. त्या मिश्रधातूची ताकद १२० अंशांच्या आसपास दीर्घ वेळ ठेवून आणलेली असते, २०० वर ती उतरते. ४१३० ला मात्र २०० अंशांनी काहीही होत नाही.

डिग्रीझिंग ब्लास्टिंगच्या आधी. इथेच सगळे चुकतात. नळीला गिरणीतून आलेलं तेल, बेंडिंग मशीनचं तेल, हाताचा घाम हे सगळं वर असताना ब्लास्ट केलं तर कण ते तेल पृष्ठभागात ठोकून बसवतात, आणि शिवाय फिरत्या मीडियामध्ये (ब्लास्टिंगच्या कणांत) मिसळून पुढच्या जॉबलाही लावतात. गरम पाण्यातला अल्कली क्लीनर किंवा चांगला सॉल्व्हंट घ्या आणि दोन कापडं ठेवा: एकानं ओलं पुसायचं, दुसऱ्या कोरड्यानं लगेच उचलायचं. एकाच कापडानं पुसत राहिलं तर तेल फक्त पसरतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर शेवटच्या पुसण्याला नको, तो मागे थर सोडतो. आयसोप्रोपिल किंवा अ‍ॅसिटोन घ्या. पाण्याचे थेंब टाकून बघा: सलग पातळ पसरलं तर साफ, थेंब गोळा होऊन उभे राहिले तर तेल आहे. तपासल्यावर पाणी लगेच पुसून वाळवा.

ब्लास्टिंगला मीडिया ८० नंबरचा ब्राउन अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट. गोल स्टील शॉटनं पृष्ठभागाला नुसते खळगे पडतात. पावडरीला धरून ठेवणारी टोकदार खरखर ग्रिटनंच येते. दर्जा एसए २.५ मागा. म्हणजे काळा मिल स्केल, गंज, जुना रंग काही नाही. फार तर ठिपक्यांसारखी किंवा रेघांसारखी फिकट छटा. खरखरीची खोली ३० ते ४० मायक्रॉन पुरे. ती थराच्या एक तृतीयांशाहून जास्त झाली तर टोकं पावडरीतून वर डोकावतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून नुसता ७५ मायक्रॉनचा एकच थर देणार असाल तर मीडिया आणखी बारीक लागेल. प्रायमर धरून १३० होणार असेल तर ४० ठीक.

नळ्यांना ७०–८० पीएसआय पुरतं. फायरवॉल, स्किड प्लेट असले पातळ पत्रे वेगळे द्या आणि दाब निम्म्यावर आणायला सांगा, नाहीतर पत्रा धनुष्यासारखा वाकतो. नदीची रेती वापरणाऱ्याकडे जाऊ नका. त्या धुळीतल्या सिलिकानं फुफ्फुसांचा सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये २ एचपी कॉम्प्रेसरवर हे करायचा मोह होईल. ६ मि.मी. नोझलला ८० पीएसआयवर ६० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) वर हवा लागते, तो कॉम्प्रेसर ७–८ देतो. दोन फूट नळी होईपर्यंत टाकी रिकामी होते आणि गरम झालेला कॉम्प्रेसर ओलसर हवा सोडायला लागतो.

नवा_रोलकेज

खूप आभार. ब्लास्टिंगच नक्की. मग ब्लास्टिंगच्या वेळी थ्रेड आणि बोअर कसे वाचवायचे? आणि प्री-बेक करावं असं एका सिनिअरनं सांगितलंय, ते नक्की कशासाठी?

भट्टी_आणि_बूथ

झाकण दोन वेळा करायचं असतं आणि दोन्ही वेळचं सामान वेगळं.

ब्लास्टिंगला: प्रत्येक थ्रेडमध्ये जुना बोल्ट पूर्ण आवळून बसवा, बुशच्या घरात लाकडाची किंवा रबराची डाट, मशीन केलेल्या फेसवर जाड रबर. ब्लास्ट झाल्यावर ते काढून फुंकर मारा, कारण थ्रेडच्या तळाशी ग्रिट राहिलं तर पुढे पहिल्याच बोल्टला ते खाऊन टाकतं.

मग प्री-बेक: फ्रेम उघडीच २२० अंशांवर २०–२५ मिनिटं, म्हणजे क्युअरिंगपेक्षा (पावडर भाजून पक्की करण्याच्या तापमानापेक्षा) थोडं वर. पिनहोलमध्ये, गसेट (सांध्याला आधार देणारी पट्टी) आणि नळीच्या फटीत, टॅबच्या मागच्या अर्धवट झाळीत जे तेल दडलेलं असतं ते इथे बाहेर येतं. बाहेर काढल्यावर प्रत्येक सांध्याकडे टॉर्च मारून बघा. फिकट पिवळसर छटा सगळीकडे येईल, ती हरकत नाही. पण झाळीच्या टोकापासून खाली उतरलेला ओलसर तपकिरी डाग दिसला तर तिथे पिनहोल आहे. ती जागा घासून टिगनं भरा, पुन्हा तेवढीच ब्लास्ट करा. हा टप्पा टाळला तर तेच तेल पावडर वितळलेली असताना बाहेर येतं, आणि मग पूर्ण फ्रेम सोलून परत करण्यावाचून मार्ग नसतो.

फ्रेम ४०–५० अंशांवर आली की कोटिंगचं झाकण बसवा: थ्रेडला निमुळते सिलिकॉनचे प्लग, बोअरला सिलिकॉनच्या टोप्या, सपाट फेसला हिरवी पॉलिस्टर टेप. कॅप्टॉन (पिवळसर पॉलिइमाइड) टेप त्याहून जास्त तापमान सोसते. मोबाइल दुरुस्तीला तीच वापरतात, त्यामुळे जेल रोडवर पातळ रोल सहज मिळतात. साधी मास्किंग टेप नको, ती करपते आणि तिचा गोंद धातूवर भाजून बसतो.

ब्लास्ट झालेल्या फ्रेमला उघड्या हातानं शिवायचं नाही. स्वच्छ सुती हातमोजे, आणि तेही वर्कशॉपमधले तेलकट नव्हेत. बोटाचा ठसा आठ-दहा तासांत गंजाच्या रंगानं उठतो आणि पावडरीखालीही दिसून येतो.

चेसिस_आणि_चहा

काय झाकायचं त्यावर थोडी भर, कारण हे ठरवताना लोक फक्त थ्रेड बघतात.

थ्रेडचं गणित असं. ६० अंशांच्या थ्रेडवर जेवढा थर बसतो त्याच्या चौपट पिच व्यासात फरक पडतो. ८० मायक्रॉन थर म्हणजे ०.३२ मि.मी. एम८ च्या आतल्या थ्रेडला ६एच या नेहमीच्या वर्गात पूर्ण टॉलरन्सच (चालणारा फरक) ०.१६ मि.मी. आहे. म्हणजे बोल्ट जाणारच नाही. नंतर टॅप मारून काढता येतं, पण टॅप वाकडा लागला की वेल्ड केलेला बॉस गेला. प्लग बसवणं सोपं.

त्याहून महत्त्वाचे सस्पेन्शनचे टॅब. टॅबच्या आतल्या दोन्ही फेसवर ८० मायक्रॉन बसलं की गाळा ०.१६ नं कमी होतो. रॉड एंडचे स्पेसर अडकतात. ते एक वेळ घासून चालेल. पण बोल्ट आवळल्यावर डोक्याखाली, नटाखाली आणि स्पेसरखाली मिळून चार थर दाबले जातात. पावडर म्हणजे प्लास्टिकच. सततच्या दाबाखाली ती हळूहळू बाजूला सरकते आणि बोल्टचा ताण उतरतो. ट्रॅकवर सैल सुटलेले ए-आर्म बोल्ट पुष्कळदा यामुळेच सुटलेले असतात. टॅबच्या दोन्ही बाजूंना वॉशरच्या व्यासाएवढी गोल टेप लावून फेस उघडा ठेवा. कागदाच्या पंचनं कॅप्टॉनचे गोल कापता येतात.

इंजिन माउंट, रॅक माउंट, सीट बेल्टचे माउंट यांनाही तेच. बॅटरी आणि किल स्विचच्या अर्थिंगची जागा उघडी ठेवा, नाहीतर नंतर ब्रेक लाइटची वायरिंग शोधत बसाल आणि दोष निघेल पावडरीचा.

उघड्या ठेवलेल्या फेसवर जोडणीच्या वेळी पातळ झिंक प्रायमर किंवा अँटी-सीझचा हात द्या.

भट्टी_आणि_बूथ

बरोबर. टेप काढायची वेळही सांगतो: क्युअर झाल्यावर फ्रेम हाताला सोसेल इतकी गरम असतानाच टेप आणि प्लग काढा. पूर्ण थंड झाल्यावर टेप ओढली तर कडेची पावडर फाटून सोबत येते. तशी वेळ आलीच तर आधी ब्लेडनं कडा कापून घ्या.

प्रायमर घेणार असाल तर झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर ५०–६० मायक्रॉन. तो पूर्ण भाजायचा नाही, वितळून जेमतेम धरेपर्यंत ठेवायचा (किती मिनिटं ते त्या पावडरीच्या डेटाशीटवर असतं) आणि मग वरचा पॉलिस्टर चढवून दोन्ही एकत्र क्युअर करायचे. प्रायमर पूर्ण कडक झाला की वरचा थर त्याला नीट धरत नाही आणि पहिल्या दगडाला पापुद्रा निघतो.

वजन: ३८ मीटर नळी, गसेट-टॅब धरून पृष्ठभाग साधारण साडेतीन ते पावणेचार चौरस मीटर. पावडरीची घनता १.५ च्या आसपास, थर ७५ मायक्रॉन, म्हणजे चारशे ग्रॅमच्या थोडं वर. झिंक प्रायमर त्यात अर्धा ते पाऊण किलो घालेल. नळीवर फवारताना निम्म्याहून जास्त पावडर बाजूनं निघून जाते, म्हणून एक थरासाठी सव्वा किलोचं पाकीट धरा.

लोखंडी_गल्ली

जॉबवाल्याला बूथवर सांगायच्या तीन गोष्टी, कारण कपाटं रंगवणाऱ्याचा हात सपाट पत्र्यावर बसलेला असतो.

नळ्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत विजेचं क्षेत्र शिरत नाही, पावडर बाहेरच्या कडांवरच जमते. व्होल्टेज ३०–५० केव्हीवर आणून, पावडर आणि हवा कमी करून सांधे आणि गसेटचे कोपरे आधी भरायला सांगा. मग ६०–८० केव्हीवर सरळ नळ्या. उलटं केलं तर कोपरे भरेपर्यंत नळीवर १५० मायक्रॉन चढतात, आणि जाड थरात विजेचा भार उलट फुटून संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो.

हूक चकचकीत धातूचा हवा. जुन्या पावडरीनं लडबडलेल्या हूकवर टांगलेली फ्रेम अर्थ होत नाही; रोधन एक मेगओहमच्या आत असावं. टांगायची जागा इंजिन माउंटची किंवा सीट ब्रॅकेटची भोकं, म्हणजे हूकची खूण झाकली जाते.

तिसरी, ओव्हन. "२०० वर दहा मिनिटं" याचा अर्थ धातूचं तापमान २०० झाल्यापासून दहा मिनिटं. १.२ ची नळी झटकन तापते, तुमची ६ मि.मी. माउंट प्लेट मागे राहते. थर्मोकपल त्या प्लेटला लावायला सांगा. लेझर थर्मामीटर उघड्या चकचकीत धातूवर बरंच कमी दाखवतो, त्यावर विसंबू नये. कमी भाजलेली पावडर दिसायला अगदी चांगली असते. दगड लागला की काचेसारखी तडकते. आणि आधी टेप घेऊन ओव्हनचं दार आणि आतली रुंदी मोजा. फ्रेम गेली पाहिजे आणि आत फिरताना भिंतीला घासता कामा नये.

टिग_कप_नं_७

एक सोपी गोष्ट कराच. त्याच नळीचा ३०० मि.मी. तुकडा घ्या, त्यावर मिगनं एक टॅब लावा आणि फ्रेमसोबत ब्लास्टिंगपासून ओव्हनपर्यंत सगळीकडे फिरवा. चाचण्या त्यावर करायच्या, फ्रेमवर नाही. ब्लेडनं जाळी कापून (१२० मायक्रॉनपर्यंत रेघांमध्ये २ मि.मी., त्याहून जाड असेल तर ३ मि.मी. अंतर) टेप चिकटवून ओढा, चौकोन निघाले तर तयारी कच्ची. कापसावर एमईके (मिथाइल इथाइल कीटोन हा सॉल्व्हंट) घेऊन हलक्या हातानं तीस वेळा पुढे-मागे घासा. थोडी चमक जाणं चालतं. कापूस काळाकुट्ट झाला आणि पृष्ठभाग मऊ पडला तर क्युअर अपुरं. मग व्हाइस मध्ये धरून हातोडा मारा आणि टॅबच्या झाळीवर पावडर सुटते का बघा.

नवा_रोलकेज

शेवटचा प्रश्न. ब्लास्टिंग पिथमपूरला आणि कोटिंग सांवेर रोडला, असं जुळतंय. गाडी नॅट्रॅक्सला (पिथमपूरच्या वाहन चाचणी ट्रॅकवर) न्यायची म्हणून काम डिसेंबरमध्येच होईल. एक रात्र फ्रेम मध्ये राहिली तर चालेल का?

भट्टी_आणि_बूथ

नाही. डिसेंबरात इंदूरची हवा दिवसा कोरडी असते म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण पहाटे लोखंड हवेपेक्षा गार पडतं आणि त्यावर दव धरतं. सकाळी फ्रेमवर लालसर झाक दिसेल आणि ती फडक्यानं पुसून जात नाही. नियम असा की धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं आणि ब्लास्टिंगपासून पावडरीपर्यंत चार तासांच्या वर जाऊ नये. पावसाळ्यात तर त्याच्याही आत.

शक्यतो दोन्ही कामं एकाच शेडमध्ये होतील असा जॉबवाला बघा; सांवेर रोडवर विचारत फिरलात तर मिळेल. ते नाहीच जमलं तर सकाळी पहिल्या पाळीला ब्लास्ट करून घ्या, कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळून बंद टेम्पोनं आणा (ताडपत्री नको, तिच्या आत ओल धरते) आणि आणल्या आणल्या प्री-बेकला घाला. आधीच ओव्हन तापवून ठेवायला सांगा. लालसर झाक आलीच तर कितीही थकला असाल तरी पुन्हा हलका ब्लास्ट मारूनच पुढे जा.

चेसिस_आणि_चहा

आणि कोटिंग झाल्यावर ब्रेक फ्लुइड भरताना फ्रेमवर कापड टाका. डॉट ३ किंवा डॉट ४ सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, तसंच राहिलं तर पावडर मऊ पडते. केबल आणि ब्रेक होज जिथे नळीला टायनं बांधता तिथे खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. चिखल अडकला की नुसता झिप टाय एका एन्ड्युरन्समध्ये (लांब चालणाऱ्या शर्यतीत) धातूपर्यंत घासतो. दगडानं टवका उडाला तर कडा ४०० च्या पेपरनं मोकळी करून झिंक प्रायमर आणि वर टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) काळा रंग, ब्रशनं. सस्पेन्शन आणि इंजिन माउंटच्या प्रत्येक बोल्टवर टॉर्क देऊन पेंट मार्करनं रेघ ओढा, आणि पहिल्या टेस्ट रननंतर सगळे परत टॉर्कनं तपासा.